दुसऱ्याच्या दिव्याखाली

मोबाइल खाली ठेवा आधी. उजेड तोंडावर घेऊन भुताची गोष्ट ऐकायला बसलेत शहाणे! आणि मध्ये मध्ये ‘काका, खरंच?’ विचारायचं नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा साडू आहे, माझ्या मेव्हणीचा नवरा. त्याला खोटं बोलायला जमत नाही, लग्न ठरवताना पगारसुद्धा खरा सांगितला होता बिचाऱ्याने.

त्याचा धंदा दिव्यांचा. लग्नं, नाटकं, शाळांचे कार्यक्रम, कुठेही स्टेज असलं की हा आपले स्पॉट टेम्पोत घालून निघाला. सगळे त्याला लाइटवालाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्याची मुलगी तेव्हा चौथीत होती. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण कार्टी एका जागी दोन मिनिटं टिकत नसे. पण बापाच्या कामावर गेली की निराळीच. स्पॉट नेमका कुठे पडतोय ते बघायला स्टेजवर कुणीतरी उभं राहावं लागतं. ते काम भिंगरीचं. लाइटवाल्याने तिला चोख शिकवून ठेवलं होतं, ‘समोरून दिवे डोळ्यांवर येतील, तुला काही दिसणार नाही. घाबरायचं नाही. फक्त माझा आवाज ऐकायचा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही, मग जग इकडचं तिकडे होवो.’ आणि पोरगी खरंच खांबासारखी उभी राहायची. बापाला त्याचं कोण कौतुक!

तर डिसेंबरातला शुक्रवार. रात्रीचे साडेआठ. अमावास्या वगैरे काही नव्हती, छान चांदणं होतं. भुतांना कॅलेंडर लागत नाही. भिंगरीच्याच शाळेचा दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता आणि नाटकात तिचं मुख्य काम होतं, त्यामुळे बापाने शाळेला अर्ध्या दरात दिवे दिले होते. बापलेक जेवायच्या आत काम उरकू म्हणून हॉलवर पोहोचले.

हॉल जुना. लाकडी स्टेज, लाकडी खुर्च्या, आणि पार मागे उंचावर दिव्यांची खोली, तिला एक छोटी खिडकी. स्टेजच्या वर लोखंडी पाइपाला जुने स्पॉट टांगलेले. आताच्यासारखे हलके नव्हेत, भरीव लोखंडाचे, एकेक दहा-बारा किलोचा. वर्षानुवर्षं बंद. वायरी कापून टाकलेल्या, त्यांची टोकं नुसती लोंबत होती. सुट्टीत काढू, सुट्टीत काढू, म्हणत शाळेने तसेच ठेवले होते.

शिपायाने किल्ली दिली, पण हातातून सोडीना.

“तुमचे दिवे लावा, काय हवं ते करा. त्या जुन्यांना हात लावू नका.”

“का हो? पडायला आलेत की काय?”

“पडतात कसले! बोल्ट गंजून एकजीव झालेत. हत्ती टांगला तरी हलणार नाहीत. पण ते चित्रकलेच्या सरांचे आहेत.”

मग त्याने सांगितलं. हे सर तीस वर्षं शाळेचे दिवे सांभाळायचे. मागच्या खोलीत बसायचे आणि तिथून पोरांवर खेकसायचे. पायांभोवती खडूने रेघ आखून दिव्याखाली पोरांना तासन्तास उभं करायचे. जरा हललं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली, डोकं फुटलं तिचं, आणि सर वरून ओरडत होते, ‘जागा सोडलीच कशी!’ मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी खोलीला कुलूप लावून किल्ली काढून घेतली. फाटकातून जाताना सर म्हणाले, “माझ्या रंगमंचावर दुसऱ्याच्या उजेडात कोण उभं राहतं ते बघतोच.” महिनाभरात गेले. खोली तेव्हापासून बंद.

“मी आठच्या पुढे आत येत नाही,” शिपाई म्हणाला आणि चालता झाला.

लाइटवाला हसला. तरी बापाचं काळीज. लांब काठीने त्याने प्रत्येक जुना स्पॉट ढोसून पाहिला. एकही तसूभर हलला नाही. मग त्याने हॉलच्या मधोमध शिडी लावली, आपले दिवे चढवले आणि भिंगरीला स्टेजवर उभं केलं.

“भिंगरे, एक पाऊल डावीकडे. बस. थांब.”

पोरगी थांबली. हा खिशातला पाना काढायला खाली वाकला. मान वर करून बघतो तर ती दोन पावलं मागे गेलेली.

“मागे का गेलीस गं?”

“तूच म्हणालास की!”

“मी? कधी?”

“आत्ता. दोन पावलं मागे म्हणालास.”

हॉल रिकामा, आवाज घुमतो, पोरीची ऐकण्यात चूक झाली असेल. असं त्याने स्वतःला समजावलं. तिला पुढे बोलावलं, दिवा नीट केला, बोल्ट आवळायला घेतला. आणि तेवढ्यात…

“अजून एक पाऊल मागे. हां. आता हलायचं नाही.”

या वेळी त्याने ऐकलं. आवाज त्याचाच होता. अगदी त्याचा, शब्द ओढायची लकबसुद्धा. पण तोंड त्याचं मिटलेलं होतं. आवाज पाठीमागून आला होता. वरून. त्या कुलूप घातलेल्या खोलीतून.

मागे वळून बघायची हिंमत होईना. समोर बघितलं, तर भिंगरी मागे सरकून स्टेजच्या बरोबर मध्यभागी उभी होती. डोळे उजेडाने किलकिले, हात अंगाला चिकटवलेले. आणि तिच्या डोक्यावरचा जुना स्पॉट… आत काहीतरी लालसर धुगधुगलं. वायरीचं कापलेलं टोक शेजारी लोंबत होतं. करपलेल्या धुळीचा वास आला. लाल पिवळं झालं. पिवळं पांढरं झालं. पोरीभोवती उजेडाचा गोल पडला.

आणि त्याचे स्वतःचे सगळे दिवे विझले.

“बाबा?”

“भिंगरे, तिथून बाजूला हो!”

“हलू नकोस.”

दोन्ही वेळा तोच आवाज. पोरगी गोंधळली. समोर तिला काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं.

किर्रर्र…

वर कुठेतरी गंजलेलं लोखंड फिरलं. शिपाई हत्तीच्या गोष्टी करत होता ना? तो बोल्ट. एक आटा. थांबला.

किर्रर्र… दुसरा.

“भिंगरे, पळ! पळ तिथून!”

“ऐकू नकोस त्याचं. तो मी नाही. मी काय शिकवलंय तुला?”

“मी सांगेपर्यंत हलायचं नाही,” पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली.

“शाब्बास.”

त्याने स्वतः घोटून घेतलेले शब्द! त्या क्षणी त्याला स्वतःच्या शिकवणीची इतकी चीड आली म्हणता, की जीभ हासडून टाकावी वाटली. आता ओरडून उपयोग नव्हता. तो जितका ओरडेल तितकी ती घट्ट उभी राहणार. तिने बापाचं ऐकलं होतं, आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं.

किर्रर्र…

त्याने शिडीवरून उडी टाकली. घोटा मुरगळला. उठला. अंधारात खुर्च्या. एक पाडली, दुसरीत अडकला. मागून शांत आवाज येत होता, घाई नसलेला…

“हनुवटी वर. आणखी थोडी. वर बघ.”

आणि पोरीने मान वर केली. त्या दिव्याकडे.

किर्र…

हा स्टेजच्या कडेवर छातीने आपटला. गुडघ्यांवर चढला. गोलात शिरला. पोरीला कमरेला धरून त्याने जे लोटून दिलं, ते दोघंही विंगेत जाऊन पडले.

पाठीमागे आवाज झाला. फळी फुटल्याचा. मग काच. मग…

काही नाही.

बराच वेळ काही नाही. फक्त भिंगरीचे हुंदके. आणि मग मागच्या खोलीतून, अगदी हळू, त्याच्याच आवाजात…

“जागा सोडलीच कशी?”

लाइटवाल्याने पोरीला उचललं आणि मुरगळलेल्या पायाने रस्त्यापर्यंत धावत आला. दिवे, शिडी, पाने, सगळं तिथेच. दुसऱ्या दिवशी त्याने मुख्याध्यापकांचं डोकं खाऊन कार्यक्रम मैदानावर घ्यायला लावला, दुपारच्या लख्ख उन्हात. भिंगरीने काम केलं, बक्षीसही मिळवलं. हॉलला मोठं कुलूप लागलं. शाळेने जाहीर केलं की बोल्ट गंजून तुटला. तुटला कसला! बोल्ट अख्खा होता, आटेसुद्धा शाबूत. मी हातात घेऊन बघितलाय.

पण तुम्हाला सांगायचंय ते त्या रात्रीचंच. मी योगायोगाने त्यांच्याकडे जेवायला गेलेलो. लाइटवाला पोरीला कडेवर घेऊन घरात आला तेव्हा त्याची बोबडी वळलेली. चार वाक्यं सांगायला त्याला पाव तास लागला. मेव्हणी रडत रडत पोरीला मोरीत घेऊन गेली, पाय धुवायला. पोरगी अनवाणीच स्टेजवर उभी होती ना.

थोड्या वेळाने मेव्हणीने हाक मारली. आवाज असा, की आम्ही दोघंही धावलो.

भिंगरीच्या दोन्ही तळव्यांच्या कडेने पांढरी खडूची रेघ होती. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात शिरून पुन्हा बाहेर आलेली. कागदावर हात ठेवून पेन्सिलीने आखतो ना आपण, तशी. मेव्हणी साबण लावून घासत होती. रेघ फिकीसुद्धा होत नव्हती.

“ही कुणी काढली गं?” मी विचारलं.

भिंगरीने बापाकडे बोट दाखवलं.

“बाबाने. मी उभी होते तेव्हा पायाशी बसून काढत होता.” मग ती बापाला म्हणाली, “बाबा, तुझे हात एवढे गार का होते रे?”