वाईपुनाच्या करारावरचा चेहरा

पेटी उघडली तेव्हा सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. रिपेकाने कराराचा कागद उलगडला आणि शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

'वाईपुना तळं आणि मागची टेकडी सरकारच्या मालकीची.'

ही ओळ तिने कधीच ऐकली नव्हती. चोवीस वर्षांपूर्वी तिच्या दिवंगत वडिलांनी गव्हर्नरच्या माणसांशी करार केला, तो तळं आपलंच राहील या अटीवर. तळ्यात गावाला पोसणारे वाम मासे, टेकडीत पूर्वजांची हाडं. सरकारकडची प्रत आगीत गेली होती. उरला हा एकच कागद, आणि दुपारी तो न्यायाधीशापुढे जायचा होता.

खाली सहीच्या जागी वडिलांचा चेहरा होता. नाव लिहिण्याऐवजी ते आपल्या गोंदणाच्या रेघा काढत. कपाळावरचे किरण, गालांवरची वर्तुळं, हनुवटीवरची दोन वळणं. रेघ न् रेघ त्यांचीच. मग कागद खोटा कसा म्हणायचा?

"गोऱ्याच्या हाती कागद दिला की असंच व्हायचं!" बाहेर म्हातारे बोलू लागले. दुभाषा गारलंडने भाषांतरासाठी तो दोन दिवस नेला होता.

रिपेका त्याच्या बटाट्याच्या वाफ्यात गेली.

"काका, कागद बदललात?"

"वा गं पोरी! आत्ता देवाचं नाव घेतलंस, आणि लगेच माझ्यावर आळ?" गारलंडने कुदळ टेकली. "एवढी चित्रकला येत असती तर बटाटे खणत बसलो असतो?"

"परत दिलात तेव्हा कागद कसा होता?"

"खालची कड कसरीने खाल्लेली. तसाच पाओराच्या हातात दिला."

रिपेकाजवळचा कागद चारही बाजूंनी अखंड होता.

"करार झाला तेव्हा तुम्ही होतात?"

"शाई मीच धरली होती. तुझे मोठे काका सरदार, पण अंथरुणावर. म्हणून धाकट्याला, तुझ्या बापाला पाठवलं."

पेटीची किल्ली पाओराकडे असे. तो रिपेकाचा आतेभाऊ. नदीकाठी तो माशांचे सापळे विणत होता.

"किल्ली माझ्या गळ्यात, म्हणून मला विचारतेस, ताई?"

"म्हणूनच."

"मामांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तो चेहरा मी डोळे मिटूनही काढीन."

"पहिल्यांदा कधी पाहिलास त्यांना?"

पाओरा हसला. "आई मला दक्षिणेतून घेऊन आली तेव्हा. मोठे मामा नुकतेच वारले होते, आणि यांनी सरदारकीची हनुवटी गोंदवून घेतली होती. ओठ एवढे सुजलेले! तू लाकडी नरसाळ्याने पेज पाजत होतीस. मी घाबरून आईमागे लपलो."

रिपेका हसली नाही.

दुपारी सभाघरात न्यायाधीशाने कागद हातात घेतला. रिपेका हळू आवाजात म्हणाली, "साहेब, हा कागद खोटा आहे. करार झाला तेव्हा माझे वडील सरदार नव्हते. हनुवटी कोरी होती. ही वळणं आठ वर्षांनी, काका गेल्यावर आली."

"मग ही काढली कोणी?"

"खऱ्या कागदाची खालची कड कसरीने खाल्ली होती. नक्कल करणाऱ्याने हनुवटी आठवणीतून भरली. गारलंडकाकांनी कोरी हनुवटी समोर पाहिली होती. ते असं चुकले नसते. कोरी हनुवटी कधीच न पाहिलेला, आणि तरीही त्या चेहऱ्याची रेघ न् रेघ पाठ असलेला, असा पेटीजवळ एकच माणूस आहे."

सगळे पाओराकडे वळले.

"सरकारच्या मोजणीवाल्या साहेबाने मला अधिकारी करतो म्हटलं," तो कसाबसा म्हणाला. "तळं ते आज ना उद्या घेणारच होते, ताई. निदान आपला कोणी तरी खुर्चीत..."

"आणि खरा कागद? जाळलास?"

"त्यात मामा होते. कसा जाळू?"

त्याने सदऱ्याचं अस्तर उसवलं. कुरतडलेल्या कडेचा कागद बाहेर आला. न्यायाधीशाने तो दोनदा वाचला. तळं गावाचं होतं. बाहेर कुणीतरी मोठ्याने रडलं.

शिपाई पाओराजवळ येऊन उभा राहिला. कारकुनाने लेखणी शाईत बुडवली.

"अस्सल कागद हजर करणाऱ्याचं नाव?"

म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली.

"पाओरा," रिपेका म्हणाली. "माझा भाऊ. तेही लिहा."