आधी कोणतं बसवायचं

म्हातारबुवा खुर्चीत बसून होते आणि त्यांच्या कानातलं यंत्र कालपासून मुकं होतं.

"ज्या शहाण्याने हे पॅकेज बांधलंय ना," ऑडिओलॉजिस्ट पडद्याकडे बघत म्हणाली, "तो एकदा भेटायला हवा."

बाबांना घेऊन आलेला त्यांचा मुलगा दाराशी उभा होता. "भेटलाय," तो म्हणाला. "मीच तो..."

तिने मान वळवली. त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती.

श्रवणयंत्रं जुळवायला ती एक मुक्त सॉफ्टवेअर वापरायची. ठिकठिकाणचे हौशी लोक ते फुकट लिहीत, हवं त्याने घ्यावं. त्याला एक्स्टेन्शन, म्हणजे एकेका कामाचे छोटे जादा भाग, जोडता येत. एक गोंगाट कमी करी, दुसरं बोलणं स्पष्ट करी, तिसरं आवाज मर्यादेत ठेवी. दुसऱ्याला पहिलं लागे, तिसऱ्याला दोन्ही. ही सगळी बांधून लोकांपर्यंत पोचवायचं काम तो फावल्या वेळात करी. कोणाला कोण लागतं, हे मात्र त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. काल बाबांचं यंत्र जुळवताना तिने दुसरं नवीन घेतलं, पहिलं जुनंच राहिलं आणि बाबांचे कान बंद झाले.

"वाटलं, कळेल लोकांना."

"कसं? तुमच्या डोक्यात डोकावून?"

त्याने दहा मिनिटांत पहिलं बदलून दिलं. बाबांना ऐकू येताच त्यांनी काय झालं ते विचारून घेतलं आणि म्हणाले, बरं झालं, सोनारानेच कान टोचले.

पुढच्या शनिवारी तो एकटाच आला. माहितीपुस्तिका लिहायची होती, मदत कराल का, असं त्याने विचारलं. तिने अट घातली – लिहिलंय तेवढंच करणार, मनाने काहीही नाही. तो घरून पानं लिहून आणी आणि ती तपासणीच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याबरहुकूम करून बघे. त्याने 'सहज बसवा' लिहिलं, तिने 'सहज' खोडलं. त्याने 'नेहमीप्रमाणे' लिहिलं, तर ती हाताची घडी घालून बसून राहिली.

"नेहमी म्हणजे कधी? मी तर आजच आलेय."

"दर शनिवारी येता की..."

"तुम्ही येता. मी इथेच असते."

त्या खोलीच्या भिंतींना आवाज गिळणारं जाड अस्तर होतं. दार लावलं की समोरच्याचा श्वास ऐकू येई. दोघंही मग उगाचच कीबोर्ड जोरात बडवत. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

सातव्या शनिवारी तिने सांगितलं, दुसऱ्या गावी मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळालीय, महिन्याभरात जायचंय. त्याने अभिनंदन केलं. त्या दिवशी त्याने तीन पायऱ्या चुकीच्या लिहिल्या. तिने तिन्हींवर खूण केली, पण का चुकल्या ते विचारलं नाही.

शेवटच्या शनिवारी पुस्तिका संपली. एकच ओळ उरली होती. काही दवाखाने अडलेली यंत्रं टपालाने पाठवत, ती कुठे पाठवायची ते लिहायचं होतं.

"आपल्या दोघांकडे," असं म्हणून त्याने टाइप करायला घेतलं आणि थांबला. "पत्ते दोन लिहू... की एकच?"

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. "मी जाणार आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. माझं काम कुठूनही होतं. बाबांनाही विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझी कानवाली जाईल तिथे मी जाणारच आहे, तुझं तू बघ."

ती हसली. मग गंभीर झाली आणि तिने स्पष्ट सांगितलं की ही नोकरी ती कोणासाठीही सोडणार नाही. तो म्हणाला, मी तसं म्हटलेलंच नाही. तिने थोडा वेळ त्याच्याकडे नीट पाहिलं आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"सध्या दोन," ती म्हणाली आणि त्याच्या पत्त्याखाली तिने आपला लिहिला. "घर मिळालं की नवी आवृत्ती काढू."

नवी आवृत्ती पाच महिन्यांनी निघाली. तिच्यात बदल एकच होता.