डाव्या विंगेजवळचा माईक

"माझ्या बायकोवर आळ आलाय, बाई. खरा माणूस शोधून द्या. तोवर मी तोंडाला रंग लावणार नाही."

उंचपुऱ्या एकनाथराव उदगीरकरांचा नटाचा आवाज हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या त्या छोट्या ऑफिसात मावत नव्हता. जयवंताबाई कंधारकरांनी पोलिसांच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून खासगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हापासून त्यांचा मावसभाऊ गौतम त्यांची स्कूटर चालवत होता आणि, त्याच्या मते, तपासातही मदत करत होता.

"काय झालं?" जयवंताबाईंनी विचारलं.

"उद्या संध्याकाळी चिक्कडपल्लीला आमचा पहिला प्रयोग. काल रंगीत तालीम झाली. आज सकाळी पाहतात तर वर टांगलेल्या त्या... त्याची..."

"माईकची," डावीकडे बसलेल्या त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई हलकेच म्हणाल्या.

"हौ, माईकची तार कापलेली! आणि दिग्दर्शक म्हणतो, हिनं कापली."

"कोणावर संशय?" गौतमनं उजवीकडून विचारलं. एकनाथराव समोरच बघत राहिले.

"त्या कानानं ऐकू येत नाही त्यांना. इकडून बोला," पद्मावतीबाई म्हणाल्या.

एकनाथरावांनी चहाचा शेवटचा घोट घेऊन कप खाली ठेवला. जरा वेळानं खोलीभर नजर फिरवून ते म्हणाले, "हैदराबादेत पाहुण्याला चहा विचारायची रीत गेली वाटतं?"

गौतम खळखळून हसला. "चेष्टा करतात," पद्मावतीबाई घाईनं म्हणाल्या. जयवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा कप मागवला.

दुपारी सगळे सभागृहात पोचले. दिग्दर्शक सौरभ पुण्याचा. कॉम्प्युटर कंपनीच्या नोकरीसाठी इथं आलेला. घरोघरी केबल टीव्ही आल्यापासून बंद पडलेली ही नाटक मंडळी त्यानंच पुन्हा उभी केली होती.

"काकूंबद्दल मला आदर आहे, मॅडम. पण कारण त्यांनाच आहे," तो अवघडून म्हणाला. "त्या कायम डाव्या विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतात. काल माईक लावले आणि त्यांची कुजबुज स्पीकरमधून सगळीकडे ऐकू आली. शेवटचा, मरणाचा प्रसंग, आणि बघायला आलेली चार माणसं हसली! मग मी तालमीनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, प्रयोगाला प्रॉम्प्टर नाही."

"कोणती तार कापली?"

"तीनपैकी फक्त डाव्या माईकची. तीही पार वर, माईक टांगलेल्या दांडीजवळ."

"आणि सगळ्यांची मुख्य केबल?"

"ती त्या कोपऱ्यात जमिनीवर पडलीय. शाबूत."

नायिकेचं काम करणारी रसिका इथल्याच मलकपेठची, जीन्समधली. ती फटकन म्हणाली, "मैं कैकू काटूं, मॅडम? माझा व्हॉइस तर माईकशिवाय पोचतच नाही. आणि प्रॉम्प्टर असो की नको, मला सगळ्यांचे डायलॉग पाठ आहेत. मराठी वाचायला जमत नाही ना, ऐकून ऐकूनच शिकले."

गौतम स्टुलावर चढला. हात पूर्ण ताणून त्यानं तारेचं टोक सोडवलं. जयवंताबाईंनी ते भिंगाखाली धरलं. तार कात्रीनं स्वच्छ कापलेली. टोकाला दोन कुरळे पांढरे केस चिकटलेले, आणि मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा उग्र वास.

"या नाटकात मिशी कोणाला?"

"फक्त एकनाथ अंकलना," रसिका म्हणाली. "स्वतःच चिकटवतात, स्वतःच कातरतात. कोणाला हात नाही लावू देत."

"घरी मीच काढते कधीकधी," पद्मावतीबाई मधेच म्हणाल्या. मग धुऊन आणलेला अंगरखा गौतमपुढं करत, "एवढा त्या खुंटीला लाव रे बाबा. संक्रांतीपासून हात खांद्याच्या वर जात नाही माझा."

अंगरखा लावून तो वळतो तोच पद्मावतीबाई जयवंताबाईंना म्हणाल्या, "मीच कापली. माझी जागा गेली म्हणून राग आला. यांना मात्र सांगू नका."

गौतमला हायसं वाटलं. एकनाथराव रंगपटात, मेकअपच्या खोलीत, आडवे झाले होते. "ताई, सुटलं की प्रकरण!" गौतम म्हणाला.

"नाही सुटलं." जयवंताबाईंनी रंगपटाचं दार बाहेरून लोटून घेतलं. "नाटक बंद पाडायचं असतं तर जमिनीवरची केबल कापणं सोपं होतं. कापणाऱ्यानं स्टूल आणलं, एकच तार निवडली. त्याला नाटक हवं होतं. फक्त डाव्या विंगेतली कुजबुज स्पीकरमध्ये जायला नको होती. म्हणजे त्याला ती कुजबुज हवी होती. रसिकाला प्रॉम्प्टर लागत नाही, शिवाय माईक तिच्या गरजेचा. सौरभनं तर माईक लावून घेतले. पद्मावतीबाई, तुमचा हात अंगरख्याच्या खुंटीपर्यंत जात नाही. दांडीपर्यंत कसा गेला?"

पद्मावतीबाईंनी दुखरा खांदा हातानं धरला.

"उरला एक उंच माणूस. बोटांना मिशीचा गम, हातात मिशीची कात्री. फक्त डावा कान चालतो, म्हणून प्रॉम्प्टर डावीकडेच हवा."

"पण तेच तर आपल्याकडे आले!" गौतम म्हणाला. "खोटं बोलत असतील असं वाटलं नाही मला."

"खोटं नव्हतेच बोलत. कापली, आणि विसरले. रिकामा कप समोर असताना त्यांनी चहा मागितला. साधा 'माईक' शब्द त्यांना तुम्ही दिलात, पद्मावतीबाई. कधीपासून?"

"दोन वर्षं होतील." त्यांचा आवाज विंगेतल्यासारखाच बारीक होता. "काल माझ्यामागून घरी आले तर अर्धी मिशी ओठावर, खिशात कात्री. म्हटलं, कुठं होतात? तर म्हणाले, तालमीला केव्हा निघायचं? सकाळी तारेचं कळलं तेव्हा उमगलं मला. स्टेजवर मी पहिला शब्द दिला की पुढचं सगळं येतं त्यांना. घरात तेवढंही येत नाही आता."

सौरभ खुर्चीत बसला.

"मला सांगायचं होतंत, काकू."

"सांगितलं असतं तर काम दिलं असतंस?"

तो उठला, स्टुलावर चढला आणि उरलेले दोन माईकही सोडवू लागला.

"काकू, उद्या तुम्ही विंगेत बसा. रसिका, जरा मोठ्यानं बोलावं लागेल तुला."

"हौ," ती डोळे पुसत म्हणाली. "ओरडते की."

"त्यांचा हा एकच प्रयोग ना, काकू?" सौरभनं विचारलं.

"एकच."

रंगपटाचं दार उघडलं. एकनाथराव दारात उभे होते, उंच, ताठ. "सापडला का कोणी?"

गौतमनं बहिणीकडं पाहिलं. ती कधी खोटं बोलत नसे.

"सापडला," जयवंताबाई डावीकडे जाऊन म्हणाल्या. "तुमच्या पत्नीनं काही केलं नाही. हे सगळ्यांनी मान्य केलंय."

"मी सांगत होतो की! कोण मग तो?"

जयवंताबाईंनी मागं वळून पाहिलं. पद्मावतीबाई पुढं झाल्या.

"माफी मागितली त्यानं. मी माफ केलं."

"तू केलंस? मग माझं काय म्हणणं." एकनाथराव क्षणभर विचारात पडले. "काहीतरी अडचण असेल बिचाऱ्याची. उगाच कोण असं करतं? उद्या नाटकाला बोलाव त्याला. येईल का?"

"येईल," पद्मावतीबाई म्हणाल्या. "मी घेऊन येते."