मैनेचा चौथा पाय

गेल्या संक्रांतीला सकाळभर बर्फ पडला आणि दुपारी थांबला. वारा नव्हता. थंडी मात्र उणे अठरा.

आमचे जनार्दनभाऊ पूर्वी मिरजेला टांगा हाकायचे. आता लेकीकडं असतात, कॅनडात, वॉटर्लू शहराच्या कडेला. लेक-जावई कामावर होते, म्हणून संध्याकाळी सहाला तेच दोन गल्ल्या पलीकडं तिळगूळ देऊन आले. परतताना सहा-चाळीस. काळोख पडला होता.

मागून टापा ऐकू आल्या. भाऊंना नवल वाटलं नाही. तिकडं मेनोनाईट पंथाचे शेतकरी मोटार न वापरता अजून बग्गी हाकतात. वाट द्यायला ते कडेला सरले.

बग्गी आली नाही.

भाऊ थांबले, टापा थांबल्या. चालले, पुन्हा सुरू. चाकांचा आवाज नाही. दिवा नाही. टप्, टप्, टप्... मग एक दबकी.

"लंगडा होता?" गोष्ट ऐकणाऱ्या निहारनं मध्येच विचारलं.

"डोन्ट स्टॉप, आजोबा!" ईशिता माझ्या शालीत शिरली.

सांगतो. भाऊंची एक घोडी होती, मैना. तिला त्यांनी कधी चाबूक लावला नाही. 'चल बाई' म्हटलं की निघायची. अशाच एका संक्रांतीला तिच्या मागच्या उजव्या पायाची नाल पडली. खूर चिरलेला दिसत होता. पण स्टेशनची सवारी उभी होती. भाऊ म्हणाले, "एवढी एक फेरी. चल बाई."

निघाली बिचारी. मार खाणारं जनावर अडून बसतं रे. माया लावलेलं अडत नाही. त्यालाच जास्त जपावं लागतं... चढावर बसली ती उठली नाही.

तर त्या रात्री. घर वीस पावलांवर. मानेवर ऊन श्वास. ओल्या गवताचा वास. मागं बघायचा धीर नाही. पाय उचलेना.

आणि भीतीनं जुनी सवय तोंडातून निसटली.

"चल... बाई..."

टापा जवळ आल्या.

भाऊ पळाले. दार लावलं. दाराला पाठ लावून खाली बसले. बाहेर कुणीतरी श्वास घेत होतं. लेक-जावई रात्रपाळीहून मागच्या दारानं आले, तरी ते हलले नाहीत.

उजाडलं. शेजारच्या शीलावहिनी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला निघाल्या होत्या. भाऊंनी दार जरासं उघडलं, तशा त्या फावडं टेकून उभ्या राहिल्या.

"काका, रात्री घोडा कोणाचा आला होता हो? बर्फातल्या ठशांत तीन पायांना नाल दिसते, चौथा खूर नुसताच. तुमच्या दारापर्यंत आलाय... परत गेलेला कुठंच दिसत नाही."