बंद झाला की विसरतो

वल्लरी पहिल्यांदा अंबूताईंच्या शिवणकामाच्या दुकानात शिरली ती कुर्ता सैल करून घ्यायला. कंपनीची बस तिला हिनकलच्या कोपऱ्यावर सोडून गेली होती, बाहेर भुरभुर पाऊस, आणि लॅपटॉप तिनं ओढणीखाली छातीशी धरलेला.

अंबूताईंनी कुर्ता उलटा केला, शिवण बघितली. "आत कापड सोडलंय की. होतंय सैल. बस मा, पोरी."

मशीनपलीकडे त्यांच्या भाच्याचं, गगनचं टेबल. व्हिडिओ बघून बघून लॅपटॉप दुरुस्ती शिकलेला पोरगा.

"याच्यातही असतं का हो आत कापड?" वल्लरीनं लॅपटॉप पुढे सरकवला. "कंपनीतून आल्यावर ॲनिमेशन करते मी. फारच रांगतो हा."

गगननं आतली सेटिंग्ज उघडली. बदलता येण्यासारखं फक्त तारीख, पासवर्ड... संपलं.

"काही सोडलंच नाही मॅडम, सगळं लॉक. बाहेरून एक प्रोग्राम चालवून थोडं पळवता येतंय. पण बंद झाला की विसरतो. परत करायला पाहिजे."

"परत म्हणजे... परत यायचं?"

त्यानं वर पाहिलं. तिच्या भुवईवर पावसाचा एक थेंब अडकला होता. पडेना.

"...हो," तो म्हणाला.

खरं तर एक छोटी फाईल करून ठेवली असती, तर लॅपटॉप चालू होताच सगळं आपोआप झालं असतं. पण तो थेंब...

मग शनिवार सुरू झाले. कधी बॅटरी संपलेली, कधी अपडेट येऊन गेलेलं. गगन टाइप करायचा, ती शेजारी स्टुलावर. तिच्या फिल्ममध्ये कुक्करहळ्ळीच्या तळ्यावरून एक मुलगी उडत होती — दर शनिवारी जरा पुढे गेलेली.

"तुम्ही सारखं सुम्ने, सुम्ने म्हणता. म्हणजे काय?"

"असंच. कारण काही नाही... सुम्ने."

"बरं. आणि मॅडम नको. वल्लरी म्हण."

अंबूताई मशीन थांबवून म्हणायच्या, "लई आजारी पडतो की हिचा लॅपटॉप. डॉक्टर बरा आहे, अल्वा? हो ना?"

एका शनिवारी ती आली आणि बसलीच नाही. "वैतागले मी. नवीनच घेते. जाऊ दे सगळा पगार."

गगनची बोटं थांबली. गप्प बसावं तर तिचा पगार जाणार. बोलावं तर शनिवार जाणार.

"घेऊ नको," तो खाली बघत म्हणाला. "एक फाईल केली की तुला यायलाच नको. पहिल्याच दिवशी करता येत होतं. मी नाही केली."

"का?"

"तू परत यावीस म्हणून."

मशीन केव्हाचं थांबलं होतं. वल्लरी हळूच स्टुलावर टेकली.

"कर मग आता."

त्यानं फोल्डर उघडला. तिथं फाईल होती. तीच. नाव — गगन. तारीख कितीतरी शनिवारांपूर्वीची.

"ही कुणी...?"

"मी. शेजारी बसून तुझी बोटंच तर बघत होते. नवीन घेते म्हटल्यावर तरी बोलशील वाटलं."

"म्हणजे तेव्हापासून हा विसरतच नव्हता? मग... येत का होतीस?"

वल्लरीनं लॅपटॉप अलगद मिटला. आता मध्ये काहीच नव्हतं.

"सुम्ने," ती म्हणाली.