बुजवलेल्या आडाची नळी

ओल म्हटलं की माझं डोकंच फिरतं. एकदा का भिंतीत शिरली, की पाव्हण्यासारखी ठाण मांडून बसते. म्हणून हट्टा गावी आमच्या घरामागं वॉशिंग मशीनची खोली बांधायला काढली, तेव्हा गवंड्याच्या डोक्यावरच बसलो मी. फरशीला पाणी जायच्या जाळीकडं ढाळ, दाराला उंबरा, मशीनखाली ट्रे, हाताशी मेन कॉक आणि कोपऱ्यात पाणी लागलं की कोकलणारा अलार्म!

"धरण बांधून राहिले का तुमी?" माझी बायको सीमा हसायची.

पण अट तिचीच होती. त्याच भिंतीपलीकडं आमच्या छकुलीचा पाळणा. लेकराला ओलीनं खोकला धरतो. "भिंतीला ओल दिसली की पोरगी घेऊन मी माहेरी चालले," असं तिनं बजावलं होतं. बॅगही भरून ठेवली होती. छकुलीबिगर घर? छे, मला विचारसुद्धा करवत नव्हता.

एकच भोक राहिलं होतं. त्या जागी पूर्वी आड होता. बुजवताना बापूंनी, म्हणजे माझ्या वडलांनी, रिवाजाप्रमाणं आडाला श्वास घ्यायला लोखंडी नळी ठेवलेली. ती फरशीतून वीतभर वर यायची. मी तिच्यात सिमेंट कोंबलं.

"काहून बुजवलं रे?" बापू म्हणाले. "कोंडंल की तो."

"बापू, ओल तिथूनच येती."

ते मान हलवत निघून गेले.

मग जाळीला बोळा लावून फरशीभर पाणी साठवलं. दिवस गेला, कुठं थेंब झिरपला न्हाई. मी खुशीत पेढे आणले. बापूंनीही दोन खाल्ले. पाणी सोडलं, फरशी खडखडीत पुसली, आणि अलार्म कोकलला.

मेन कॉक बंद होता. अलार्म उचलला, तर खालची फरशी धूसर झालेली. बघता बघता लख्ख झाली. परत धूसर. आरशाला तोंड लावून कुणी श्वास सोडावा तशी.

पलीकडं छकुली खोकली.

फरशी धूसर झाली की ती खोकायची. लख्ख झाली की थांबायची. सीमानं बॅग उचलली.

मी छिन्नी-हातोडा घेतला आणि नळीतलं सिमेंट फोडलं. आतून ऊन हवा भसकन तोंडावर आली. फरशी लख्ख झाली ती झालीच. खोकला थांबला. अलार्म गप.

"झालं समाधान?" बापू म्हणाले, आणि आमी सगळे पोट धरून हसलो. हायसं वाटलं बघा!

छकुली खुदुखुदु हसायला लागली. नळीतही तसंच हसू घुमलं. आड घुमतोच, मी म्हटलं.

सीमानं बॅग रिकामी केली. "कसं रमलंय लेकरू! आता कुठंच जात न्हाई आमी."

मी आनंदानं नळीपाशीच बसलो, ऐकत.

मग नीट ऐकलं.

नळी आधी हसत होती.

छकुली मागून.