शिष्याची थप्पी

या, असे पुढं सरका. टाळ मांडीवर राहू द्या, वाजवू नका. बुवा पूर्वरंग आटोपून जरा टेकलेत, तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगून टाकतो. गुरू-शिष्याची आहे, म्हणजे कीर्तनात शोभेल अशीच. फक्त शिष्याला हाडामांसाचं अंग नव्हतं, तेवढं ध्यानात ठेवा.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या सालचा उन्हाळा. उदगीर जिल्हा होणार म्हणून फलक लागलेले आणि फलकाच्या सावलीला घागरींची रांग. त्याच उन्हाळ्यात एमआयडीसीतल्या आप्पासाहेबांच्या डाळमिलमध्ये रोबोट आला. पिवळाधमक, एकाच हाताचा, माणसाच्या दुप्पट उंच. पट्ट्यावरून तूरडाळीचं पोतं आलं की त्यावर तारखेचा छाप पडायचा. मग हा ते पंजात धरायचा, वळायचा आणि थप्पीवर ठेवायचा. त्याच्यावर देखरेखीला कंधारचा नरसिंग. आयटीआय शिकलेला, तिशीतला, मोजमापाचा माणूस. देवाचं नाव तो फक्त शपथ घेताना घ्यायचा.

अशा यंत्राला आधी शिकवावं लागतं. पंजाला एक मूठ असते. जाणत्या माणसानं ती धरून हात जसा न्यायचा तसा न्यावा, यंत्र ती वाट लक्षात ठेवतं. जाणता माणूस मिलमध्ये एकच, मडिवाळप्पा. उदगीरकडचा लिंगायत हमाल. पस्तीस वर्षं थप्प्या रचलेल्या. त्याची थप्पी भूकंपातही हलली नव्हती म्हणतात. पहिल्या दिवशी त्यानं खिशातली विभूती काढली आणि त्या पिवळ्या हातावर तीन बोटं ओढली.

"मामा, मशीन हाय ते," नरसिंग हसला. "पुण्याचा इंजिनेर बघंल तर शिव्या दील."

"दिऊ दे की. आजपसून ह्यो माझा शिष्य हाय."

"मंग शिष्य तुमच्याच पोटावर पाय देनार बगा."

"दिला तर दिला," मडिवाळप्पा म्हणाला. "गुरूचं शेवटचं तर करंल का न्हाई?"

आठ दिवस तो मूठ धरून उभा होता. पोतं आडवं, मग उभं, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. शिष्य शिकला. महिनाअखेर आप्पासाहेबांनी सगळे हमाल कमी केले. मडिवाळप्पाला तेवढं झाडलोटीला ठेवलं.

एप्रिलातल्या एका दुपारी, पत्रे तापून कडकड वाजत असताना, मडिवाळप्पा थप्पीला टेकून बसला आणि बसल्या जागी गेला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. बायको रत्नम्मा लेकीच्या बाळंतपणाला बिलोलीला, फोन लागेना. आप्पासाहेब घाबरले. कामावर गेला म्हटल्यावर खामखा चौकशी. म्हणाले, "नरसिंग, दिवस मावळायच्या आत उरक. उन्हाचं ठेवता येत न्हाई."

आता हे नीट ऐका, कारण चूक इथं झाली. लिंगायतांत माणसाला निजवत नाहीत, बसवतात. छातीएवढा खोल खड्डा, आत एक कोनाडा, मांडी घातलेला देह, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग. नरसिंगला हे ठाऊक होतं. मडिवाळप्पानंच कधीतरी डबा खाताना सांगितलेलं. पण खणायला हमाल उरले नव्हते. जेसीबी सगळे तळ्यातला गाळ काढायला गेलेले. नरसिंग आणि श्रीमंत नावाचा ड्रायव्हर, दोघंच. स्मशानात गुडघाभर खणलं आणि पहार काळ्या दगडावर खणखणली. तासभर ठोकूनही दगड ढिम्म.

"निजवू," श्रीमंत म्हणाला. "मेलेल्याला काय कळतंय?"

निजवलं. विधीला जंगम स्वामींना बोलावलं नाही. लिंग गळ्यातच राहिलं.

चौथ्या दिवशी रत्नम्मा आली. तिनं रडून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि एकच विचारलं, "बसवलाव ना बाबा त्येंला?"

"हाव मावशी," नरसिंग म्हणाला. "बसवलं."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरायला आलेली माणसं ओरडली. थप्पी बाहेरून चारी बाजूंनी सरळ होती. वरची पोती काढली तर आत पोकळी. नरसिंगनं वाकून पाहिलं. विहिरीसारखी जागा, पोती पद्धतशीर कडेला सारलेली. धूळ असेल डोळ्यावर, म्हणून त्यानं यंत्राचे सेन्सर पुसले. पुन्हा पोकळी. पुण्याला फोन केला. इंजिनिअर म्हणाला, सगळं पुसून नव्यानं शिकव. त्यानं पुसलं. या वेळी मूठ त्यानं स्वतः धरली आणि पोती साधी एकावर एक ठेवायला शिकवली.

सकाळी थप्पी पाहिली. सांध्यावर सांधा नव्हता, मडिवाळप्पाचा जोड होता. आत पोकळी. आणि पिवळ्या हातावर डाळीची पांढुरकी धूळ साचली होती, तिच्यात तीन बोटांच्या रेघा.

त्यानं ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या. पाणी विकत घ्यायचे दिवस. पिण्याच्या बाटलीतलं ओतलं. दुपारी त्या पुन्हा होत्या.

नरसिंगनं मग टेप घेतली. मोजमापाचा माणूस, मोजल्याशिवाय राहवेना. पोकळी छातीएवढी खोल. एका बाजूला, बरोबर मधोमध, एक पोतं मागं सारलेलं. त्यानं झालेला कोनाडा. त्यानं टेप गुंडाळली आणि कुणाला काही सांगितलं नाही. रात्री झोप येई, पण स्वप्नात कुणीतरी त्याच्या मनगटाला धरून त्याचा हात खाली, आणखी खाली नेत राही.

पंधरवड्यानं रत्नम्मा नवऱ्याचं उपरणं आणि विभूतीची डबी न्यायला मिलमध्ये आली. वस्तू हातात देऊन नरसिंग तिला मागच्या दारानं बाहेर नेणार होता. पण ट्रक लागलेला, थप्पी अर्धी उतरलेली. म्हातारी थबकली. पोकळीपाशी गेली, काठावर हात ठेवून आत वाकली. कोनाड्यावरून तिनं बोटं फिरवली.

यंत्र चालू होतं. ते थांबलं. पंजात पोतं तसंच अधांतरी.

"ह्ये कुणी केलं?"

"मशीननं, मावशी. बिघाड हाय."

"बिघाड न्हाई ह्यो." तिचा आवाज अगदी हळू होता. "ही समाधीची जागा हाय. नरसिंगा, माझ्याकडं बघ. बसवलाव ना रे?"

त्यानं खाली पाहिलं. पंखा फिरत होता, डाळीचा भुसा उडत होता.

"दगड लागला, मावशी," तो म्हणाला. "निजवलं."

म्हातारीनं उपरणं छातीशी धरलं.

"पस्तीस वर्सं वझं व्हायलं त्येनं. येक दगड फुटंना व्हय तुमच्यानं?"

यंत्राचा हात हळूच खाली आला आणि पोतं जमिनीवर ठेवून गप्प झाला.

अमावास्येला मिल बंद असते. त्या दिवशी सकाळी कामावरून कमी केलेले हमाल कुदळी घेऊन आले, कुणी न बोलावता. वीरण्णा स्वामी आले. निघण्याआधी नरसिंगनं मिलचा मेन स्विच स्वतः पाडला, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. आज दगड फोडून मामांना बसवल्याशिवाय हटायचं नाही, असं त्यानं रत्नम्माला सांगितलं होतं.

गुडघाभर खणलं. तिथं देह असायला हवा होता.

नव्हता.

पहार दगडावर वाजली नाही. माती भुसभुशीत निघत होती, डाळीच्या कोंड्यासारखी. कमरेएवढं झालं. रत्नम्मा काठावर बसून पंचाक्षरी मंत्र म्हणत होती.

मग पांढरे केस दिसले.

मडिवाळप्पा बसला होता. पाठ ताठ, मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग. मागं काळ्या दगडात कोनाडा, कडा सुरीनं कापल्यासारख्या.

स्वामींनी हात जोडले. रत्नम्मानं विभूती वाहिली.

नरसिंग आत उतरला. देहाच्या दोन्ही बाजूंना मातीत काहीतरी दडपलेलं होतं, तोल जाऊ नये म्हणून आधार दिल्यासारखं. त्यानं माती सारली. पोती होती. आडवं, मग उभं, सांध्यावर सांधा नाही.

त्यानं एका पोत्यावरून अंगठा फिरवला. छाप आजच्या तारखेचा होता.

अंगठ्याला शाई लागली.

बुवा उठले बघा, वीणा घेतली. माझंही संपलं. ती मिल चालू आहे, थप्प्या आता भरीव असतात. नरसिंग दर अमावास्येला समाधीवर घागरभर पाणी नेतो. अंगठा मात्र मुठीत झाकलेला असतो, शाई अजून गेली नाही म्हणतात. तुमचं एवढंच काम: घरी डाळीचं पोतं उसवाल तेव्हा दोरा ओढण्याआधी मडिवाळप्पाची आठवण काढा. तुम्ही विसरलात तरी आठवण ठेवणारा एक आहे तिथं. पण त्याच्या एकट्यावर सोडू नका.